आठव्या गल्लीतली हलती भिंत

सोमवार, ११ नोव्हेंबर २०४१. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीच्या तोंडाशी असलेली भिंत हलायची थांबली.

ते पहिल्यांदा लक्षात आलं हौसाक्का कोरेंच्या. हौसाक्का वीस वर्षं त्या भिंतीला पाठ देऊन पालेभाजी विकतात. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडताना त्यांचा हात मागंपुढं व्हायचा आणि त्यांच्या पाठीमागं भिंतीवर बारीक पानांसारखी नक्षी उमटायची, पसरायची, विरून जायची. गिऱ्हाइकं भाव करायचं विसरून बघत राहायची. त्या सकाळी हौसाक्कांनी तीनदा पाणी शिंपडलं. नक्षी आली नाही. त्यांनी वळून भिंतीवर एक तळवा टेकवला, मग दुसरा. मग हात पदराला पुसून फोन लावला.

"त्रिशला, तुझी भिंत मेली बघ."

"लाइट गेलीय काय?"

"लाइट हाय. चित्र बी हाय. पण हालंना. फोटो डकवल्यागत बसलंय."

त्रिशला मगदूम सहाव्या गल्लीत राहते. स्कूटर बाहेर काढून ती सात मिनिटांत पोचली. साठ फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीवर निळ्या आणि गेरूच्या रंगाचे बोटभर रुंदीचे पट्टे उभे होते. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेले, एकमेकांपासून सारखं अंतर राखून वळत गेलेले, थेट डाव्या टोकापर्यंत पोचलेले. उतारावरचं रान कुणीतरी हौसेनं नांगरावं तसे. कुठं खाडाखोड नाही, कुठं गर्दी नाही. सुंदर होतं. अडचण तीच होती.

कोपऱ्यात पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत नाव होतं: त्रिशला भूपाल मगदूम. नावाखाली हातभर लांब सरळ रेघ.

त्रिशलानं त्या रेघेकडं पाहिलं आणि काय झालंय ते तिला कळलं.

*

या भिंतीवरचा रंग साधा नाही. त्याला बाजारात कितीही मोठं नाव असलं तरी लोक 'हलता रंग' म्हणतात. त्यात पिठाच्या कणाएवढ्या पारदर्शक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे, निळे आणि गेरूच्या रंगाचे कण तरंगत असतात. गिलाव्याखाली बारीक तारांची जाळी असते. जाळीच्या ज्या घरात जसा विद्युत्भार जाईल तसा एक रंग वर येतो आणि बाकीचे खाली बसतात. बसलेला रंग टिकवायला वीज लागत नाही, बदलायलाच लागते. म्हणून साठ फुटी भिंत छपरावरच्या दोन सौर पाट्यांवर चालते. शिवाय तीच जाळी उलटही काम करते. माणसाचं शरीर स्वतः थोडा विद्युत्भार धरून असतं. हात जवळ आला की जाळीला ते कळतं. किती जवळ आला, किती वेगानं, थरथरत की ठाम, तेही कळतं.

हा रंग स्वस्त झाल्यावर पाच वर्षांत गावोगावच्या भिंती जाहिरात कंपन्यांनी धरल्या. जयसिंगपुरात 'झळक' नावाच्या कंपनीनं धरल्या. त्या भिंती जाणाऱ्यायेणाऱ्यांची चाल ओळखायच्या. त्रिशलाचे वडील भूपाल मगदूम तिसऱ्या गल्लीतून निघाले की एकामागून एका भिंतीवर गुडघ्याच्या तेलाची बाटली उगवायची आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत यायची. एकदा त्यांनी बाटलीवर काठी उगारली. लगेच भिंतीनं रक्तदाबाच्या गोळ्या दाखवल्या. गल्लीला हसायला आठवडाभर पुरलं. त्यांना नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारनं २०३९ मध्ये कलाभिंत नियम आणला. ज्या भिंतीवर कलाकृती आहे तिला जाहिरातीतून सूट. कलाकृती कशाला म्हणायचं, याच्या तीन अटी होत्या: तिचा एक जबाबदार कलाकार असावा, ती पूर्ण झालेली असावी, आणि कलाकाराची सही कलाकृतीवरच असावी. पाच जणांचं राज्य मंडळ येऊन पाहणार आणि ठरवणार. आठव्या गल्लीच्या भिंतीसाठी ते मंडळ बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी अकरा वाजता येणार होतं. त्यांनी नाही म्हटलं तर गुरुवारी सकाळी भिंत झळकच्या ताब्यात जायची होती.

भिंतीवर त्रिशलानं चित्र काढलेलं नव्हतं. तिनं चित्र कसं वाढावं याचा नियम लिहिला होता. तिची नोकरी इचलकरंजीच्या कापड गिरण्यांसाठी कापडातले दोष शोधणारे प्रोग्रॅम लिहिण्याची. रोज हजारो मीटर दोष बघता बघता तिला दोषच आवडायला लागले. एखादा धागा तुटला की आजूबाजूचे धागे कसे सावरून घेतात, ते ती बघत बसायची. मग ती जुन्या गणिताकडं वळली. बिबट्याच्या अंगावर ठिपके आणि झेब्र्याच्या अंगावर पट्टे का येतात, याचं उत्तर गेल्या शतकात गणितानं दिलं होतं. दोन रस कल्पायचे. एक स्वतःला वाढवतो, दुसरा त्याला दाबतो आणि पहिल्यापेक्षा वेगानं पसरतो. त्यांच्या ओढाताणीतून नक्षी जन्मते. त्रिशलाच्या भिंतीत प्रत्येक घर हीच बेरीज-वजाबाकी सेकंदाला तीस वेळा करत होतं, आणि जवळ आलेला हात त्यात चिमूटभर भर टाकत होता. भर टाकणारा निघून गेल्यावरही त्याची लाट भिंतभर फिरत राहायची, दुसऱ्याच्या लाटेला भेटायची, तिसरंच काही व्हायचं. एकोणीस महिन्यांत एकदा दिसलेलं पुन्हा दिसलं नव्हतं.

आणि आदल्या रविवारपर्यंत, एकोणीस महिन्यांत, भूपाल मगदूम, म्हणजे तिचे आण्णा, त्या भिंतीसमोर एकदाही थांबले नव्हते.

आण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. 'भूपाल पेंटर' म्हणून शिरोळ तालुक्यात एके काळी प्रत्येक दुसऱ्या दुकानाची पाटी त्यांच्या हातची होती. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत ब्रश वाळले. त्यांचं एकच म्हणणं होतं, आणि ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं: "चित्र संपलं पाहिजे. न संपणाऱ्याला काय म्हणायचं? चाळा."

अर्जातल्या फोटोत भिंतीवर सही नाही, असं नगरपरिषदेच्या कारकुनानं शनिवारी दाखवून दिलं, तेव्हा त्रिशला आण्णांकडं गेली. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. "माझं नाव तुम्ही लिहा," ती म्हणाली. आण्णांनी बराच वेळ पान चघळलं. मग पेटीतून चपटा ब्रश काढला, साध्या पाण्यात बुडवला, रंग तर भिंतीतच होता, आणि रविवारी पाच वाजता भिंतीशी जाऊन बसले. सवयीनं आधी दोरी ताणून सूत मारलं. मग एका दमात नाव लिहिलं. जगाच्या पाट्या लिहिलेल्या माणसानं लेकीचं नाव भिंतीवर लिहायची ती पहिलीच वेळ.

"खाली फोन नंबर घालू?" त्यांनी विचारलं.

"आण्णा!"

"बरं, ऱ्हायलं."

पण नावाखाली रेघ ओढल्याशिवाय पेंटरचं काम संपत नाही. त्यांनी रेघ ओढली. ब्रश जिथं जिथं फिरला ती घरं त्रिशलानं कुलूपबंद केली, पांढरीच राहतील अशी. घाईत तिच्या ध्यानात आलं नाही की डोळ्यांना जो पांढरा रंग आहे, तो गणिताला कधी न आटणारा झरा आहे. नुसती अक्षरं असती तर लाटा त्यांना वळसा घालून गेल्या असत्या. हातभर सरळ रेघ म्हणजे बांध. तिच्या आधारानं पहिला पट्टा उभा राहिला, पहिल्याच्या आधारानं दुसरा. सोमवारी सकाळी नऊ दहाला शेवटचा पट्टा डाव्या टोकाला टेकला, आणि हलायला जागाच उरली नाही.

*

साडेनऊला आण्णा आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. ते भिंतीजवळ गेले नाहीत. पाटी बघताना जात तसे समोरच्या फुटपाथवर गेले, डोळे बारीक करून उभे राहिले. उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. दहा मिनिटं.

"आता झालं," ते म्हणाले.

"काय झालं, आण्णा?"

"चित्र. आता झालं बघ चित्र."

हा शब्द ऐकायला त्रिशलानं एकोणीस महिने घातले होते. तिला हसू आलं नाही.

दुपारी झळकचे स्थानिक व्यवस्थापक रोहन शहाणे येऊन गेले. तरुण, सभ्य माणूस. त्यांनी भिंतीचा फोटो काढला आणि मान डोलावली. "मॅडम, अभिनंदन. मंडळ हे पास करणार. आता हे कुणालाही कळेल असं झालंय."

"आधी कळत नव्हतं?"

"आधी नुसतं बघत बसावंसं वाटायचं. बघत बसणाऱ्या माणसाला काही विकता येत नाही, आमचा अनुभव आहे." ते हसले. "हे मात्र छापता येईल. असलं डिझाइन आमच्याकडं चाळीस प्रकारांत आहे."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. कौतुकच केलं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

हौसाक्कांनी मात्र साफ सांगितलं. "माझ्या पाठीमागं मेथी उगवायची. आता हे धोतराचे काठ. गिऱ्हाईक बघंना झालंय."

म्हणजे पेच असा होता: काहीच केलं नाही तर भिंत वाचणार. एक कलाकार, पूर्ण झालेलं चित्र, कोपऱ्यात सही. तिन्ही अटी आपोआप पुऱ्या. कुलूप काढलं तर भिंत पुन्हा हलणार, आणि मंडळापुढं एक कधीच न संपणारी, बिनसहीची गोष्ट उभी राहणार. ती नापास झाली तर गुरुवारपासून हौसाक्कांच्या पाठीमागं गुडघ्याचं तेल.

*

मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. आई गेल्यापासून दोघंच. साडेपाचला त्रिशलानं ताटं घेतली आणि पहिला घास घ्यायच्या आधीच सांगून टाकलं.

"आण्णा, ती रेघ काढावी लागंल."

"रेघ?"

"रेघ आणि नाव. दोन्ही."

आण्णांनी भाकरी मोडली. "परवा लोक यायचेत. होत आलेल्यात खोडा कशाला घालतीस?"

"ते माझं चित्र न्हाई."

"गणित तुझंच हाय न्हवं?"

"गणित माझं. पण हे असं व्हावं म्हणून न्हाई लिहिलेलं."

"मग कशासाठी लिहिलंस? एकोणीस म्हैने इचारतोय मनात."

"मनात इचारल्यावर मला कसं ऐकू येणार?"

आण्णा थांबले. मग त्यांनाच हसू फुटलं. "आईवर गेलीयास. सांग आता. मोठ्यानं इचारतोय."

त्रिशलानं आमटीची वाटी बाजूला सारली. त्या गणितात दोन आकडे असतात, ती म्हणाली. एक खायला किती घालायचं, दुसरा किती मारायचं. पहिला थोडा वाढवला की सगळी भिंत एकरंगी होते, थंड. दुसरा थोडा वाढवला की नुसते ठिपके, तेही मरून जातात. आणखी थोडं इकडंतिकडं केलं की पट्टे, आजच्यासारखे, एकदा बसले की बसले. या सगळ्यांच्या मधे एक चिंचोळी जागा आहे, दशांश चिन्हानंतर चौथ्या घरात सापडणारी. तिथं नक्षी मरतही नाही आणि बसतही नाही. आणि त्या चिंचोळ्या जागेतही सगळं चांगलं नाही. काही कंटाळवाणं, काही उगाच भडक. "चौदा म्हैने मी ती जागा शोधत होते. दोनशे अकरा वेळा चुकले. कुठला आकडा चुकीचा, हे सांगणारं गणित नाही, आण्णा. बघूनच ठरवावं लागतं."

आण्णा जेवायचं विसरले होते. "म्हणजे टर्पेंटाइन," ते म्हणाले.

"काय?"

"रंगात जास्त घातलं तर वघळ येतो. कमी घातलं तर ब्रश वढतो. मधे एक जागा असती. तिथं रंग आला की ब्रश आपला आपण पळतो, तू नुस्तं धरायचं."

"किती घालायचं ते कसं ठरवता?"

"ठरवतोय कशाला? हाताला कळतं." ते बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नाव झकास आलं होतं पण."

"झकास आलंय."

"'ला'चा काना बघितलास? एका झटक्यात."

"बघितला, आण्णा."

त्यांनी पुन्हा भाकरी हातात घेतली. त्रिशलानं कुलूप काढलं नाही. आण्णांचा हात पुसायचा तर आण्णांनी सांगितल्याशिवाय नाही, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

*

मंगळवारी सकाळी दहाला आण्णा काठी टेकत एकटेच भिंतीशी गेले. हौसाक्कांनी त्यांना बसायला रिकामा क्रेट दिला.

"या पेंटर. तुमच्या नावानं भिंतीला झोपवलं बघा."

"माझं न्हाई, लेकीचं नाव हाय ते."

"मधे कोण बसलंय मग? भूपाल कोण?"

आण्णांनी भिंतीला तळवा लावला. आयुष्यात पहिल्यांदा. गार गिलावा. पट्टे आपले जिथल्या तिथं. त्यांनी हात सरकवला, आपटला, बोटांनी टकटक केली. मग हौसाक्कांना विचारलं, "आधी हात लावल्यावर काय व्हायचं?"

हौसाक्का सांगत गेल्या. शाळेतनं येणाऱ्या पोरी हात घासत पळत गेल्या की वावटळ उठायची. चौगुल्यांचे आजोबा काठीवर हात ठेवून उभे राहिले की तिथं कोंब फुटायचे. लग्नाची वरात गेली तेव्हा भिंतीला काय करावं ते सुचलंच नव्हतं, पार येडी झाली होती. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. अकरा वाजता त्यांनी लेकीला फोन केला.

"काढ कुलूप."

"आण्णा..."

"पण पुसू नको. पुसायचं न्हाई. नुस्तं सोड. बघू काय हुतंय."

तिनं येऊन लॅपटॉप स्कूटरच्या सीटवर उघडला आणि एक ओळ खोडली. दहा मिनिटं काही झालं नाही. मग रेघेचं उजवं टोक हललं. पांढरा रंग धारेसारखा पहिल्या पट्ट्यात उतरला, पट्टा मधोमध फाटला, फाटल्या जागी डोळा उघडला. नावातला 'म' फुगला आणि त्यातून दोन फांद्या निघाल्या. आण्णा क्रेट ओढत ओढत पुढं सरकत होते. "'ला'चा काना बघ, काना," ते म्हणाले. काना उंच होत होता, भिंतीच्या माथ्यापर्यंत, आणि मग कमानीसारखा डावीकडं वाकला. चार वाजेपर्यंत एकही पट्टा उरला नाही. अक्षरं वाचता येत नव्हती. पण एकोणीस महिन्यांत त्या भिंतीवर तसली जाड-बारीक वळणं कधी आली नव्हती. चपट्या ब्रशची वळणं होती ती.

आण्णांनी पुन्हा तळवा लावला. तळव्याभोवती गेरूचं कडं उमटलं आणि हळूहळू दूर गेलं.

"आयला," ते म्हणाले, आणि दुसरा हात लावला.

*

बुधवारी मंडळाचे पाच जण अकरा वाजून वीस मिनिटांनी आले. अध्यक्ष मंगला उपासनी, निवृत्त संग्रहालय अधिकारी, हातात नियमांची पुस्तिका. बोलणं मात्र बहुतेक एकाच सदस्यानं केलं: प्राध्यापक दिगंबर वाघचौरे, पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलेले, उंच, शिडशिडीत, न हसणारे. शहाणे बाजूला वही घेऊन उभे होते. गल्लीतले शंभरेक लोक समोरच्या फुटपाथवर.

"बाई, हे सुंदर आहे," वाघचौरे म्हणाले. "पण मोराचा पिसाराही सुंदर आहे. मोराला आम्ही कलाकार म्हणत नाही."

"मोराला पिसारा नापसंत करता येत नाही, सर," त्रिशला म्हणाली. "मी दोनशे अकरा नापसंत केले."

"दाखवा एखादा."

तिनं तयारी ठेवली होती. भिंतीशी तीन फळ्या टेकवल्या होत्या. तोच रंग, तीच जाळी, आकडे मात्र टाकून दिलेले. वाघचौरेंनी पहिल्या फळीला हात लावला. ठिपके उठले, आक्रसले, मेले. दुसरीवर पट्टे चढले आणि बसले. तिसरीवर मात्र खरोखर छान नक्षी हलू लागली.

"ही का टाकली?"

"थोडा वेळ लावून ठेवा हात."

ते उभे राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा सावरला. आठव्या मिनिटाला हात काढून घेतला.

"कळलं," ते म्हणाले. "तेच तेच करते."

"माझा चुलता हाय की तसला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि फुटपाथ खदखदला.

मग वाघचौरे मोठ्या भिंतीकडं गेले. दोन्ही हात मागं बांधून, अगदी जवळ. नाकासमोर एक पोकळी उघडली, त्यांच्या श्वासाबरोबर लहानमोठी होत राहिली. ते किती वेळ तसे उभे होते कुणी मोजलं नाही. अध्यक्षबाई खाकरल्या.

"दुसरी अट. काम पूर्ण कधी झालं?"

"नऊ एप्रिल दोन हजार चाळीसला मी शेवटचा आकडा बदलला," त्रिशला म्हणाली. "माझं काम त्या दिवशी पूर्ण झालं. भिंतीचं त्या दिवशी सुरू झालं."

"आणि सही? परवाच्या फोटोत इथं सही दिसते. आता नाही."

त्रिशलानं तोंड उघडायच्या आधी आण्णा पुढं आले. "सही मी केली होती आणि मीच सोडायला लावली. बाईसाहेब, मी भूपाल पेंटर. वीस वर्षं प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात नाव टाकलंय. लोकांना वाटतं, केवढा कलेचा अभिमान. आवो, ते फोन नंबरसाठी असायचं. तोसुद्धा शेजारच्या किराणा दुकानाचा. पुढचं काम यावं म्हणून."

अध्यक्षबाईसुद्धा हसल्या.

"पण पाटी लिहायच्या आधी मी सूत मारायचो. खडूच्या दोरीनं रेघा. अक्षरं वाळली की त्या पुसून टाकायच्या. गिऱ्हाइकानं कधी बघितल्या न्हाईत. माझी पाटी लांबनं वळखायची ती त्या रेघांमुळं, नावामुळं न्हवं. हिनं नुस्त्या रेघा मारल्यात. भरायचं काम गल्लीवर सोडलंय. मला एकोणीस म्हैने कळलं न्हाई, तुम्हाला दोन तासांत कळावं असं न्हाई म्हणत. पण हात लावून बघा."

त्रिशलानं दोन कागद अध्यक्षांच्या हाती दिले. चौऱ्याण्णव ओळींचा प्रोग्रॅम, शेवटी पेननं सही, मुंग्यांची रांग. वाघचौरेंनी ते कागद मागून घेतले आणि चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव ओळी उभ्यानं वाचल्या. त्यांना त्यातलं किती कळलं ते त्यांनाच माहीत. तिसाव्या ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, "हा आकडा बदलला तर?"

"थंड पडेल."

"आणि हा?"

"भडक होईल. बाजारू."

ते पहिल्यांदा हसले.

मतदान तिथंच, हौसाक्कांच्या क्रेटवर कागद ठेवून झालं. अध्यक्ष उपासनी यांनी एक वाजून पाच मिनिटांनी निकाल वाचला. तीन विरुद्ध दोन. आठव्या गल्लीतली भिंत कलाकृती असल्याचं मंडळानं मान्य केलं होतं. कलाकार: त्रिशला भूपाल मगदूम.

फुटपाथवरून एकच आरोळी उठली आणि लोक रस्ता ओलांडून भिंतीवर आले. शंभर माणसांचे दोनशे हात. साठ फूट भिंतीत एकदम सगळीकडून लाटा सुटल्या, मधोमध भिडल्या, आणि निळा नाही, गेरू नाही, असा काहीतरी जांभळा उजेड माथ्यापर्यंत चढत गेला. तीन रंगांच्या कणांतून तो कसा आला, हे त्रिशला अजून शोधते आहे. ती गर्दीच्या मागं उभी होती. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गेरूनं भरलेला असावा असं तिला उगीच वाटलं.

"चाळा चांगला जमलाय," ते म्हणाले.

*

पुढची माहिती थोडक्यात. शिरोळ, कुरुंदवाड आणि निपाणी इथून तसलीच भिंत हवी म्हणून निरोप आले. त्रिशलानं तेच आकडे द्यायला नकार दिला. प्रत्येक गावासाठी नवे शोधावे लागतील आणि वेळ लागेल, असं कळवलं. शोधताना समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघायचं काम आण्णांनी घेतलं आहे. पहिल्या चार दिवसांत त्यांनी सतरा नापसंत केले. त्यातले चार त्रिशलाला आवडले होते. वाद चालू आहे.

शुक्रवारी, पंधरा तारखेला, झळकनं निकालाविरुद्ध कला संचालनालयाकडं अपील केलं. त्यांचा मुख्य आधार प्राध्यापक वाघचौरे यांचं मत आहे. वाघचौरेंनी विरोधात मत दिलं होतं. मतपत्रिकेवर त्यांनी दोन वाक्यं लिहिली आहेत: "नियमाप्रमाणे ही कलाकृती नाही. नियम बदलावा." झळक पहिलं वाक्य पुढं करते आहे, नगरपरिषद दुसरं. सुनावणी नऊ डिसेंबरला मुंबईत ठेवली आहे आणि तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असा आदेश निघाला. हात लावायचा नाही याचा नेमका अर्थ काय, असं विचारणारं पत्र नगरपरिषदेनं उलट टपाली पाठवलं.

वाघचौरेंना साक्षीसाठी बोलावण्यात आलं. त्यांनी येण्याचं कबूल केलं, मात्र अट घातली: सुनावणी मुंबईत नको, आठव्या गल्लीत भिंतीसमोर घ्या, आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यानं आधी किमान आठ मिनिटं तिथं उभं राहावं. बुधवार, २० नोव्हेंबरच्या दुपारी साडेतीनपर्यंत या अटीवर संचालनालयाकडून काहीही उत्तर आलेलं नव्हतं.